चार्ज दिल्यानंतर

९ जून

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र बाजूला टाकणार असशील तर टाक, पण फाडू नकोस. दिवसभर पडून राहण्याशिवाय तुला दुसरं काम नाही हे मला माहीत आहे, त्यामुळे कंटाळून का होईना, कधीतरी वाचशील.

कसं माहीत ते विचारू नकोस. भावोजींनी मला काहीही सांगितलेलं नाही. पाचवा महिना लागलाय हे सांगितलं नाही, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलाय हे सांगितलं नाही, आणि बाळ होईपर्यंत पलंगावरून उतरायचं नाही अशी डॉक्टरांनी तंबी दिलीय हे तर अजिबातच सांगितलं नाही. बिचाऱ्यांवर ओरडू नकोस. मीच त्यांना एका आठवड्यात चार फोन केले, चौथ्याला ते हात टेकून बोलून गेले.

आधीची दोन गेली तेव्हा तू मला कळवलं नव्हतंस. मला दुसऱ्यांकडून कळलं, तेही उशिरा. त्याबद्दल मी बोलणार नाही. सहा वर्षं आपण बोललो नाही, त्याबद्दलही आज नको. मी फक्त एवढंच सांगायला बसले की बातमी ऐकून मी औषधांच्या खोलीत गेले, दार लावलं आणि रडले. मग डोळे पुसून बॅग भरली. अकरा तासांचा प्रवास, त्यात काय एवढं! रजेचा अर्जही लिहून ठेवला.

तर भावोजी म्हणाले, "ताई, राग मानू नका, पण तुमचं नुसतं नाव काढलं तरी हिचं प्रेशर वर जातं. तुम्ही येऊ नका."

मी काय म्हणाले असेन? "किती वर जातं?" अगं, आकडा विचारला मी त्यांना! जळ्ळं माझं तोंड.

बॅग दाराशीच आहे. मी मात्र इथेच आहे, आणि प्रार्थना करते आहे. हसू नकोस. मी रोज सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी देवासमोर बसते आणि एकेक मुद्दा सांगते. टाका टिकू दे. लोहाच्या गोळीने तिला मळमळतं, ती गुपचूप उशीखाली लपवेल, लक्ष ठेव. भावोजी आंघोळ करून सगळीकडे पाणी सांडतात, ती उठली तर घसरेल, तेवढं बघ. असे चौदा मुद्दे आहेत. संध्याकाळी घरी आल्यावर चौदाही पुन्हा वाचून दाखवते, न जाणो त्याचा एखादा राहिला असला तर. वॉर्डात मला पाठीमागे पुन्हाबाई म्हणतात, तुला आठवत असेल. "पुन्हा बघ गं, पुन्हा मोज गं." आता देवही म्हणत असेल.

डाव्या कुशीवर झोप. पाणी पी. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

तुझी, तुला हवी असो नसो,
ताई


२७ जून

धाकटे,

उत्तर नाही दिलंस. चालेल म्हटलं होतं, पण चालत नाही असं दिसतंय.

एक कबुली द्यायची आहे, आणि ती तुला आधीच कळली असणार म्हणून जास्तच लाज वाटते. तुला तीन दिवस तिथल्या हॉस्पिटलात ठेवलं होतं ना, तेव्हा मी तुझ्या वॉर्डात फोन लावला. आवाज जरा जाड केला आणि म्हटलं, "मोठ्या हॉस्पिटलातून सीनियर सिस्टर बोलतेय, सात नंबरच्या पेशंटचा तक्ता वाचून दाखवा." पलीकडची मुलगी गोड होती गं. म्हणाली, "तुम्ही त्यांच्या ताई ना? त्यांनी आधीच सांगून ठेवलंय, असा फोन येईल म्हणून. त्या बऱ्या आहेत. ठेवू?"

मी कानाला खडा लावला. पुन्हा नाही करणार.

त्या दिवशी माझा चेहरा बघून मावशी मागे लागली. आपली मावशी गं, पुरुषांच्या वॉर्डाची फरशी पुसणारी, तीस वर्षं झाली तिला. तू गेल्यावरही बदललेली नाही, फक्त गुडघे कुरकुर करतात. ती रोज ड्यूटी संपली की तळमजल्यावर एक्स-रेच्या शेजारच्या खोलीत जाऊन दहा मिनिटं बसते. आठवते ती खोली? सहा खुर्च्या, एक पंखा, भिंती कोऱ्या. कुठल्याही देवाच्या माणसाने येऊन बसावं म्हणून मुद्दाम काही टांगलेलं नाही. मी तिथे कधी गेले नव्हते. मला वाटायचं, रिकाम्या भिंतीकडे बघून काय बोलायचं.

मावशीने मला जवळजवळ ओढत नेलं. बसवलं. म्हणाली, "सिस्टर, काय मागताय रोज देवाकडे?"

मी चौदा मुद्दे म्हणून दाखवले. तोपर्यंत ते एकोणीस झाले होते.

तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं बाई! तुम्ही देवाकडे मागताय की त्याची चौकशी लावलीय?"

मला राग आला. म्हटलं, "काळजी वाटते मावशी, बहीण आहे माझी."

"मग वाटणारच. पण तुम्ही दोन वाजता वॉर्डाचा चार्ज देता तेव्हा काय करता?"

"काय म्हणजे? रजिस्टर लिहिते, एकेक पेशंट दाखवते, कपाटाच्या किल्ल्या देते, सही करते आणि घरी जाते."

"आणि देवाला नुसतं रजिस्टर वाचून दाखवता," मावशी म्हणाली. "किल्ल्या तुमच्याच कमरेला."

एरवी मी तिला चार शब्द सुनावले असते. पण चार्ज देऊन घरी जाते, असं मी म्हणाले ते खरं नव्हतं. एक दिवस मी गेले नव्हते. तो दिवस मावशीला माहीत नाही. तुला अर्धा माहीत आहे.

आज एवढंच. मावशीने तुला आशीर्वाद सांगितलाय, आणि "आता तरी वजन वाढव म्हणावं" असंही.

ताई


१४ जुलै

धाकटे,

हे पत्र मी तीनदा लिहून टाकून दिलं. हे चौथं.

त्या दिवशी माझी सकाळची ड्यूटी होती, तुझी दुपारची. पावणेदोनला मी तुला चार्ज दिला. नऊ नंबरला ते रिटायर्ड मास्तर होते, सगळ्यांना शुद्धलेखनाच्या चुका दाखवणारे. त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांचं इंजेक्शन दोन वाजता द्यायचं होतं, आणि दोननंतरचं सगळं तुझं होतं. मी तुला ते सांगितलं. तू म्हणालीस, "हो ताई, कळलं." मी परत सांगितलं. तू म्हणालीस, "ताई, मी अकरा वर्षं हेच करतेय." मी सही केली, किल्ल्या दिल्या आणि निघाले.

फाटकापर्यंत गेले होते मी. तिथे पोटात गोळा आला. ही विसरेल, असं वाटलं. कारण काही नव्हतं. तू कधी विसरली नव्हतीस. मी परत आले. तू पडद्याआड तीन नंबरचं ड्रेसिंग करत होतीस. मी टेबलावरच्या किल्ल्या घेऊन कपाट उघडलं आणि मास्तरांना इंजेक्शन दिलं. तुला सांगणारच होते, पण तेवढ्यात मेट्रननी कॉरिडॉरमधून हाक मारली, त्यांच्याशी बोलत बोलत मी बाहेर पडले आणि तशीच घरी गेले. तक्त्यावर लिहिलं नाही. तू दोन वाजून दहा मिनिटांनी तक्ता बघितलास, कोरा होता, तू इंजेक्शन दिलंस. तुझं काहीही चुकलं नाही. चारला मास्तरांची नाडी अडतीस झाली.

घरी एप्रन धुवायला काढला तर खिशात रिकामी कुपी. तोपर्यंत मला काहीच माहीत नव्हतं. कुपी हातात घेतली तेव्हा आठवलं, तक्त्यावर लिहायचं राहिलं. मग तुझा फोन आला. तू रडत होतीस. म्हणालीस, "कपाटात एक कुपी कमी आहे, दोन डोस गेलेत म्हणतायत. ताई, तू दिलं होतंस का?"

आणि मी म्हणाले, "नाही."

अकरा दिवस मी नाही म्हणत राहिले. बाराव्या दिवशी मेट्रनसमोर जाऊन पहिलं इंजेक्शन मी दिलं होतं एवढं सांगितलं. तोवर तू राजीनामा देऊन मोकळी झाली होतीस आणि भावोजींच्या बदलीच्या गावी निघून गेली होतीस. मेट्रननी तुला पत्र लिहिलं, त्यात "थोरल्या बहिणीकडून अनवधानाने" असं घातलं. मीच तसं सांगितलं होतं. लोकांना वाटतं मी विसरले होते. धाकटे, त्या संध्याकाळनंतर मी एक क्षणही विसरले नव्हते. मला भीती वाटत होती. ज्या बाईने सगळ्यांच्या चुका पकडल्या तिचीच चूक निघाली, हे मला सहन होत नव्हतं. माझी अब्रू राहावी म्हणून मी तुला पुढे केलं. तुला मी वाढवलं, आई गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस आणि मी चौदाची, तुझ्या वेण्या घातल्या, तुझी फी भरली, आणि वेळ आल्यावर तुला पुढे केलं.

मास्तर वाचले. तीन दिवस अतिदक्षता विभागात राहिले आणि चालत घरी गेले. त्याबद्दल मी रोज देवाचे आभार मानते. पण त्याच देवाला हे कधी सांगितलं नव्हतं. आभार मानायचे, मुद्दे वाचायचे आणि ही गोष्ट तेवढी वगळायची, अशी सहा वर्षं गेली.

परवा मी त्या कोऱ्या खोलीत एकटी बसले. मुद्दे काढलेच नाहीत. जे वर लिहिलंय ते मोठ्याने बोलले, अगदी कुपीसकट. कुणी आलं असतं तर वेड लागलंय म्हणालं असतं. मग म्हटलं, "देवा, ती आता तुझ्याकडे. बाळ तुझ्याकडे. माझं खोटंही तुझ्याकडे. मला यातलं काही सांभाळता येत नाही. जे नीट होतं तेही मी परत जाऊन बिघडवते."

मागितलं काही नाही. उठून घरी आले, जेवले, कुंड्यांना पाणी घातलं, शेजारणीशी नळाच्या गळतीवरून भांडले. आणि एकदम लक्षात आलं की पोटातला गोळा नाही. घड्याळ बघितलं, चाळीस मिनिटं झाली होती. सहा वर्षांत पहिल्यांदा चाळीस मिनिटं! घड्याळ बघितलं आणि गोळा परत आला म्हणा. पण चाळीस मिनिटं मिळाली ती मिळाली.

तू क्षमा कर असं मी म्हणणार नाही. खरं काय ते तुला माझ्याकडून कळायला हवं होतं, ते आज सांगितलं.

ताई


२० ऑगस्ट

धाकटे,

भावोजींचा फोन आला होता. मी केला नव्हता, त्यांनी केला. म्हणाले, सातवा पार पडला, टाका ठीक आहे. मी "बरं झालं" म्हणाले आणि थांबले. मग ते म्हणाले, "ताई, काही विचारायचं नाहीये का तुम्हाला?" मी म्हटलं, नाही. त्यांना वाटलं मी आजारी आहे.

रोज दहा मिनिटं बसते आता. पहिली पाच तर चुळबूळ करण्यातच जातात. रोज नव्याने सोपवावं लागतं, कारण फाटकापर्यंत जाऊन परत यायची खोड इतक्या लवकर जात नाही. मावशीला विचारलं, तुझ्याही मनात येतं का असं? ती म्हणाली, "सिस्टर, मी तीस वर्षं रोज बसते ते काय हौस म्हणून?" मला फार बरं वाटलं ते ऐकून.

आणि एक गंमत सांगू? हात रिकामे झाले की दिसायला लागतं. आपल्या वॉर्डात दुपारची नवी मुलगी आहे, तिचे हात किती हलके आहेत हे मला आत्ता कळलं. सलाईन लावते तर पेशंटला कळतही नाही. चार महिने मी तिच्या मागे हात धुऊन लागले होते, बघितलं मात्र आत्ता. तिला तसं सांगितलं. ती घाबरली, म्हणाली, "काही चुकलं का सिस्टर?" मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. तुझे हातही असेच होते. ते तुला मी कधी सांगितलं होतं का? नसेल. मी चुकाच मोजत होते. आज सांगते. तुझे हात फार चांगले होते, तू फार चांगली नर्स होतीस, आणि तू माझी बहीण झालीस ही देवाने माझ्यावर केलेली मेहेरबानी आहे.

दाराशी ठेवलेली बॅग उपसली. रोज तिला ठेचकाळत होते.

ताई


११ सप्टेंबर

धाकटे,

तू हे वाचशील तेव्हा तुझ्या अंगात ताकद आलेली असो.

काल दुपारी चारला भावोजींचा फोन आला. मी डबल ड्यूटीवर होते. आवाज फाटलेला. "ताई, खूप रक्त जातंय, ऑपरेशनला आत घेतलंय. बाळ अजून तेहतीस आठवड्यांचंच आहे. मी काय करू?"

मी चोवीस वर्षं नर्स आहे. अशा वेळी काय काय होऊ शकतं ते सगळं एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढे आलं. त्यांना म्हटलं, "तुम्ही दाराबाहेर बसा. हलू नका. आतली माणसं त्यांचं काम जाणतात." आणि फोन ठेवला. तिथल्या वॉर्डाचा नंबर मला पाठ आहे. बोटं शिवशिवत होती.

नव्या मुलीला म्हटलं, दहा मिनिटं बघ. तिने कारण विचारलं नाही. खाली गेले. मला शांत वगैरे काही वाटत नव्हतं, ते खोटं मी लिहिणार नाही. मी म्हटलं, "देवा, तिला वाचव." मग म्हटलं, "मी सांगितलं. आता मी परत येऊन काही करणार नाही. तू जे करशील ते तुझं." हे वाक्य माझ्या तोंडून निघताना काय झालं ते मलाच ठाऊक. कारण तू जाशील, हेही त्यात आलं. आईच्या वेळी मी देवाशी भांडले होते, नवस बोलले होते, धमक्या दिल्या होत्या. या वेळी माझ्याकडे यातलं काहीच उरलं नव्हतं. मी रडले, आणि रडताना मला कुणीतरी धरून ठेवलंय असं वाटलं. याहून जास्त मला नीट सांगता येणार नाही.

मग वर आले. चार नंबरच्या आजोबांचं ड्रेसिंग बाकी होतं, ते केलं. ते म्हणाले, "सिस्टर, आज तुम्ही घाई नाही केलीत." तक्ते लिहिले. एकाच वेळी पोटात भीती होती आणि मन जागेवर होतं. असं होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं.

साडेसहाला फोन वाजला. भावोजी रडत होते. मी वाट बघितली. मग म्हणाले, "दोघी आहेत. ताई, दोघी आहेत."

मुलगी. एक किलो नऊशे ग्रॅम. तू शुद्धीवर आलीस. मी तिथेच कॉरिडॉरमध्ये खाली बसले. मावशी बादली टाकून धावत आली, तिला वाटलं वाईट बातमी आहे. मी "दोघी, दोघी" एवढंच म्हणत होते. मग आम्ही दोघीही ओल्या फरशीवर बसून रडलो, आणि मेट्रन आम्हाला वळसा घालून गेल्या.

देवाचे उपकार कसे मानायचे ते मला सुचत नाही. मला न विचारता, माझ्या एकाही मुद्द्याशिवाय, त्याने सगळं केलं.

मी येत नाहीये. तू बोलावलंस तर येईन.

ताई


२ ऑक्टोबर

धाकटे,

आज सकाळी तुझा फोन येऊन गेला, आणि आता संध्याकाळी मी पत्र लिहायला बसले आहे. फोनवर मला जे बोलता आलं नाही ते लिहायचं म्हणून बसले, पण लिहिताना फोनच पुन्हा आठवतोय, तर तोच लिहिते. तुझ्या मुलीला पुढे कधीतरी वाचायला होईल.

आठ वाजले होते. मी केस विंचरत होते. अनोळखी नंबर. उचलला तर आधी नुसती बाळाची रड. तीन आठवडे काचेच्या पेटीत राहिलेलं मूल असं ठणठणीत रडतं? माझा कंगवा खाली पडला.

मग तुझा आवाज. सहा वर्षांनी. "ताई?"

मी म्हणाले, "हं." चोवीस तास टकळी चालू असणारी मी, आणि मला 'हं'च्या पुढे जाता येईना.

"काल घरी आणलं," तू म्हणालीस. "पत्रं वाचली. सगळी एकदम, काल दुपारी."

मी म्हटलं, "ते इंजेक्शनचं..."

"त्याचं नंतर बोलू," तू म्हणालीस. "मला राग आहे अजून. बोलायचंय मला ते, नीट, समोरासमोर. आज नाही."

"बरं," मी म्हटलं.

बाळ रडतच होतं. माझ्या जिभेवर सगळं येऊन उभं राहिलं होतं. खांद्यावर घे, ढेकर काढ, लंगोट बघ, पोट गच्च आहे का बघ, पाय सायकलसारखे हलव, अंगावरचं पांघरूण जास्त झालंय का बघ. खरं सांगते, धाकटे, बाळंतिणीच्या वॉर्डात मी सहा वर्षं काढली आहेत आणि मला ती रड कसली ते कळत होतं. मी ओठ दाताखाली धरले.

तू म्हणालीस, "ताई, गप्प का? काही सांगत नाहीस?"

"तू आहेस ना तिथे," मी म्हटलं.

तिकडून तुझा हुंदका ऐकू आला. मग तू नाक ओढलंस आणि माझ्यासारख्याच करड्या आवाजात म्हणालीस, "तुला विचारायला फोन केलाच नाहीये मी. तुला ऐकवायला केलाय. ऐक."

आणि तू फोन तिच्या तोंडाशी धरलास. ती रडत होती, तू तिला हळूहळू थोपटत होतीस, तेही ऐकू येत होतं. हळूहळू रड कमी झाली, मग उसासे राहिले, मग तेही थांबले. तू फोन ठेवला नाहीस. मीही नाही. ड्यूटीला उशीर झाला, पण मी तशीच पलंगाच्या कडेला बसून तिचा श्वास ऐकत राहिले.

ताई